टेकी कोणाला म्हणावे?



हैदराबादेत 'टेकी' हा शब्द माणसाचा पत्ता सांगायला वापरतात. माधापूर, गच्चीबावली, कोंडापूर या बाजूला राहतो, गळ्यात कंपनीच्या ओळखपत्राची पट्टी असते आणि लग्न जुळवताना पत्रिकेआधी ज्याचे पॅकेज विचारतात, तो टेकी. २२ नोव्हेंबर १९९८ रोजी पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांच्या हस्ते सायबर टॉवर्सचे उद्घाटन झाले आणि पुढच्या काही वर्षांत हा शब्द शहरात रुळला. कोटी, सुलतानबाजार, काचीगुडा भागातल्या मराठी घरांमधली पुष्कळ मुले तिकडे सरकली. महाराष्ट्रातून नोकरीसाठी येणारी मुले तर थेट तिकडेच उतरतात. आपला सुलतानबाजार कुठे आहे हे त्यांना वर्षभर ठाऊक नसते. दवाखान्यात ही मंडळी मला नेहमी भेटतात. अमेरिकेच्या घड्याळावर बांधलेली झोप, आम्लपित्त, आखडलेली मान, कोरडे पडलेले डोळे. तो विषय मोठा आहे आणि आज मी त्यात शिरणार नाही.

माझे म्हणणे असे की टेकीपण नोकरीने येत नाही. हातातली वस्तू कशी चालते, कुठे अडते आणि का अडते, याची चौकशी केल्याशिवाय चैन न पडणे म्हणजे टेकीपण. ही सवय असलेला माणूस शाळा अर्धवट सोडलेला असू शकतो. नसलेला माणूस मोठ्या कंपनीत मोठ्या हुद्द्यावर असू शकतो. शेकडो सर्व्हर सांभाळणारे एक गृहस्थ माझ्याकडे येतात. त्यांच्या घरच्या लग्नाचे सगळे फोटो एकाच फोनमध्ये होते आणि तो फोन लोकलमध्ये चोरीला गेला. दुसरी प्रत कुठेच नव्हती. निवृत्तिवेतनावर जगणाऱ्या, कथा-कविता वाचणाऱ्या आपल्यासारख्यांनाही आता ही सवय लागायला हवी, कारण तिच्यावाचून दोन गोष्टी हातून जातील : साठवलेला पैसा आणि छापलेली मराठी. पैशाचे लगेच पटेल. मराठीचे सावकाश सांगावे लागेल.

आधी शब्दाकडे पाहू. 'तंत्र' याचा जुना अर्थ माग, मागावरचा ताणा. 'तन्' म्हणजे ताणणे, त्या धातूपासून तो आला. 'टेक्नॉलॉजी'तला ग्रीक 'तेख्ने', आपल्याकडचा 'तक्षन्' म्हणजे सुतार, आणि विणणे या अर्थाचे लॅटिन क्रियापद, ज्यातून 'टेक्स्ट' निघाला, ही सगळी एकाच कुळातली मंडळी, असे भाषाशास्त्रज्ञ सांगतात. टेक्स्ट आणि टेकी यांचे असे रक्ताचे नाते निघाले. साहित्यसंस्थेत या विषयावर बोलायला मला एवढा परवाना पुरे.

मागाचाच विषय निघाला आहे तर आपल्या शेजारचे उदाहरण घेऊ. हैदराबादहून वरंगळकडे जाताना आलेर लागते. तिथले चिंतकिंदी मल्लेशम विणकराच्या घरातले. पोचमपल्ली साडीची नक्षी कापड विणून झाल्यावर छापलेली नसते. सुताला आधीच जागोजाग गाठी बांधून रंग देतात आणि मग ते विणतात. म्हणजे नक्षी आधी, कापड नंतर. गाठी बांधण्यासाठी सूत अर्धवर्तुळात रोवलेल्या खुंट्यांवर एकेक फेरा घालून मांडावे लागते. या कामाला 'आसू' म्हणतात आणि ते घरातल्या बाया करीत. एका साडीसाठी हात सुमारे नऊ हजार वेळा पुढे-मागे न्यावा लागतो, असा हिशेब नेहमी सांगितला जातो. मल्लेशम यांच्या आईचे, लक्ष्मी यांचे, खांदे आणि कोपर या कामाने गेले. मुलगा फारसा शिकलेला नव्हता. यंत्रशास्त्र तर तो शिकलेलाच नव्हता. त्याने आईच्या हाताकडे पाहिले.

पाहिले म्हणजे काय केले, हे महत्त्वाचे आहे. आपण सगळेच 'आई दमली' एवढे पाहतो. त्याने त्या हालचालीचे तुकडे केले : हात मधल्या खुंटीपासून बाहेर जातो तो एक, खुंटीला वळसा घालतो तो दुसरा, परत येतो तो तिसरा, आणि पुढच्या फेऱ्याला शेजारच्या खुंटीकडे सरकतो तो चौथा. मग एकेका तुकड्याला लाकडाचा किंवा लोखंडाचा पर्याय शोधत गेला. पैसे उसने घेतले, लोकांनी वेड्यात काढले, मधल्या काळात पोटासाठी हैदराबादेत कामे केली. शेवटचा अडलेला भाग बालानगरच्या एका कारखान्यातल्या यंत्राची हालचाल पाहून सुचला, असे सांगतात. अनेक वर्षांच्या खटपटीनंतर १९९९ मध्ये यंत्र पुरे झाले. त्याला त्यांनी आईचेच नाव दिले, लक्ष्मी आसू यंत्र. २०१७ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली आणि २०१९ मध्ये त्यांच्यावर तेलुगू चित्रपटही आला. माझ्या हिशेबाने हा माणूस टेकी. त्या सबंध काळात त्याच्याजवळ संगणक नव्हता.

तुकडे करणे ही या सवयीची पहिली पायरी. दुसरी पायरी आबिड्सच्या जगदीश मार्केटमध्ये पाहायला मिळते. तिथे मोबाइल दुरुस्त करणारी मुले बसतात. फोन बंद पडला म्हणून नेला तर चांगला कारागीर लगेच उघडत नाही. आधी विचारतो : पडला होता का, पाण्यात गेला का, दुसरा चार्जर लावून पाहिला का, बंद पडण्याआधी तापत होता का? मग उघडून बॅटरीच्या जागी आपल्या टेबलावरचा वीजपुरवठा जोडतो आणि बटण न दाबताच फोन किती वीज ओढतो ते पाहतो. बटण दाबण्याआधीच काटा हलला तर आत कुठेतरी वीज नको तिथून वाहते आहे. मग एकेक भाग वेगळा काढून पुन्हा पाहतो. एका वेळी एकच गोष्ट बदलायची हा त्याचा नियम. आम्ही डॉक्टर याला रुग्णेतिहास म्हणतो आणि पुष्कळदा घाईत टाळतो. दोन गोष्टी एकदम बदलल्या आणि गुण आला, तर कशाने आला ते कळत नाही. तो गुण पुढच्या वेळी उपयोगाचा नाही. घरातले वायफाय बंद पडले की आपण राउटरही बंद-चालू करतो, फोनही, आणि त्याच वेळी कंपनीलाही फोन लावतो. अर्ध्या तासाने सुरू होते, आणि आपण काहीच शिकलेलो नसतो.

आमच्या जैन घरात पाणी गाळायचे फडके असे. आजी ते दुहेरी करून भांड्यावर बांधी आणि गाळून झाल्यावर त्याची वरची बाजू वरच राहील याची काळजी घेई. फडके उलटे झाले तर गाळलेले सगळे पुन्हा पाण्यात. फडक्यावर राहिलेले जीव ज्या विहिरीचे पाणी, त्याच विहिरीत परत सोडायचे, कारण दुसऱ्या पाण्यात ते जगणार नाहीत. शाळेचे तोंड न पाहिलेल्या बाईला कृतीची प्रत्येक पायरी का आहे ते सांगता येत असे. आज आमच्या घरी महागडे यंत्र आहे. त्याच्या गाळणीची मुदत कधी संपली, हे घरात कोणालाही माहीत नसते.

माझ्या व्यवसायातले एक उदाहरण देतो, कारण पुढे त्याचा उपयोग आहे. होमिओपॅथीवर तुमचा विश्वास असो वा नसो, तिची सूची करण्याची पद्धत पाहण्यासारखी आहे. केंट यांची रेपर्टरी १८९७ ची. प्रत्येक लक्षणाखाली औषधांची यादी, आणि प्रत्येक औषधाला ठसा जाड, तिरपा की साधा यावरून तीन, दोन किंवा एक गुण. रुग्णाची आठ-दहा लक्षणे घ्यायची, प्रत्येक यादीतले गुण कागदावर मांडायचे, बेरीज करायची. पुढे हे काम हलके करण्यासाठी पत्ते निघाले. दिल्लीच्या डॉ. जुगल किशोर यांचे पत्ते आमच्या पिढीला माहीत आहेत. एका लक्षणाचा एक पत्ता, त्यावर औषधांच्या ठरलेल्या जागी भोके. हवे ते पत्ते एकावर एक ठेवून उजेडाकडे धरायचे. ज्या भोकातून उजेड आरपार येईल ते औषध सगळ्या लक्षणांत आहे. संगणक दुसरे काय करतो? १९८०च्या दशकात रेपर्टरी संगणकावर आली तेव्हा ज्यांनी हाताने बेरजा केल्या होत्या ते घाबरले नाहीत. एवढेच नव्हे, यंत्राच्या उत्तरातली खोड त्यांना आधीच माहीत होती. सल्फर, लायकोपोडियम, कॅल्केरिया कार्ब ही औषधे जवळजवळ प्रत्येक बेरजेत वर येतात, कारण त्यांची लक्षणे ग्रंथांत सर्वांत जास्त नोंदलेली आहेत. ज्याची नोंद जास्त ते वर येते. ते रुग्णाला लागू आहेच असे नाही. हे वाक्य लक्षात ठेवा, मराठीच्या संदर्भात लागेल.

आता पैसा. यूपीआय २०१६ मध्ये आले आणि भाजीवालीपासून देवळातल्या पेटीपर्यंत पोहोचले. ते कसे चालते यातली एकच गोष्ट समजली तरी पुष्कळ नुकसान टळते : पिन हा पैसे देण्यासाठी असतो, घेण्यासाठी कधीच लागत नाही. माझ्या एका वृद्ध रुग्णबाईंना फोन आला की जुना सोफा घ्यायचा आहे, आगाऊ रक्कम पाठवतो, चौकोन स्कॅन करा आणि पिन टाका. मुलाने त्यांना 'कोणालाही पिन सांगू नका' असे दहादा बजावले होते. त्यांनी तो सांगितलाच नाही. स्वतःच्या हाताने टाकला. सूचना पाठ होती, कारण माहीत नव्हते. कारण माहीत असते तर 'घ्यायला पिन कशाला?' एवढा एक प्रश्न पुरला असता.

दुसरी गोष्ट बँकेच्या पत्त्याची, आणि तिचा आपल्या गावाशी संबंध आहे. मासाब टँकला रिझर्व्ह बँकेने १९९६ मध्ये स्थापन केलेली आयडीआरबीटी नावाची संस्था आहे. बँकांचे इंटरनेटवरचे पत्ते 'डॉट बँक डॉट इन' असे संपावेत, आणि ते पत्ते फक्त या संस्थेने नोंदवावेत, असे रिझर्व्ह बँकेने ठरवले. त्यासाठी बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंतची मुदत दिली होती. हे ओळखायचे कसे? सुरुवातीच्या दोन तिरक्या रेघा सोडा, पुढे पहिली तिरकी रेघ येईल तिथे थांबा, आणि तेवढा भाग उजवीकडून डावीकडे वाचा, उर्दूसारखा. उजवीकडून आधी 'इन' आणि मग 'बँक' आले तर पत्ता बँकेचा. 'बँक डॉट इन' कुठेतरी मधे आहे आणि शेवटी भलतेच काही आहे, तर तो पत्ता त्या भलत्याचा. हैदराबादी माणसाला उजवीकडून वाचायचे वावडे नसावे.

आणि 'डिजिटल अरेस्ट' नावाची कोणतीही अटक भारतीय कायद्यात नाही. व्हिडिओवर गणवेश दिसला तरी नाही. पैसे गेलेच तर १९३० या क्रमांकावर ताबडतोब फोन करावा. पैसा एका खात्यातून दुसऱ्यात सरकत जातो, तो मधेच अडवायचा असेल तर तासांना किंमत असते. लाजेपोटी दोन दिवस घरात न सांगणारी माणसे मी पाहिली आहेत. रक्तदाब घेऊन ती माझ्याकडे येतात.

इथे घरातल्या टेकी मुलामुलींशी दोन शब्द बोलतो. आई-वडिलांनी फोनमधले काही विचारले की तुम्ही 'द्या इकडे' म्हणून फोन हातात घेता, अंगठा चारदा फिरवता आणि परत देता. काम होते, पण त्यांचे परावलंबन एका अंगठ्याने वाढते. शिकवताना हात पाठीमागे बांधून उभे राहा, तोंडाने सांगा. मग कळेल की सांगायला तुमच्याजवळ शब्दच नाहीत. 'कॅशे क्लिअर करा' हे मराठी वाक्य नव्हे. 'फोनने स्वतःच्या सोयीसाठी करून ठेवलेली तात्पुरती टिपणे पुसा' असे म्हटले तर ऐकणाऱ्याला कळते, आणि आपला महत्त्वाचा मजकूर त्यात पुसला जाणार नाही हेही समजते.

समजावण्यासाठी शब्द घडवावे लागतात, हे या शहराला कोणी शिकवायला नको. १९१७ मध्ये इथे दारुल तर्जुमा हा भाषांतर विभाग सुरू झाला, १९१८ मध्ये उस्मानिया विद्यापीठ उभे राहिले, आणि गणित, वैद्यक, अभियांत्रिकी हे विषय उर्दूतून शिकवले गेले. मराठवाडा तेव्हा याच राज्यात होता. तिथल्या कितीतरी मराठी मुलांनी शास्त्रविषय उर्दू परिभाषेतून गिरवले. तो प्रयोग कोणाच्या हिताचा, कोणावर लादलेला, हा वाद वेगळा. परिभाषा बसून घडवता येते, हे मात्र त्यातून दिसले.

आता मराठी. बहुतेक साहित्यसंस्थांच्या कपाटात जुन्या सीडी आणि पेनड्राइव्ह असतात. त्यात स्मरणिका, विशेषांक, दिवंगत लेखकांचे लेख. फाइल उघडली की पडद्यावर इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा चिवडा. लोक म्हणतात, फाइल खराब झाली. ती खराब झालेली नाही. त्या काळच्या मराठी फाँटांत युक्ती अशी होती की इंग्रजी अक्षराच्या जागेवर मराठी अक्षराचे चित्र बसवायचे. कृतिदेव फाँटात 'क' दिसतो तिथे संगणकाच्या लेखी इंग्रजी 'डी' असतो. फाँट आहे तोवर मराठी दिसते. फाँट गेला की सोंग उतरते. युनिकोडने हे बदलले. त्याची पहिली आवृत्ती १९९१ ची. त्यात प्रत्येक लिपीतल्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक आहे. आपल्या 'क'चा २३२५. जगातल्या कोणत्याही यंत्रावर २३२५ म्हणजे 'क'च. देवनागरीची मांडणी भारतीय मानकावरून घेतलेली आहे.

तरी सगळे सुटले नाही, आणि इथे मराठी माणसाने टेकी व्हायला हवे. आचार्य जेवले तर 'आचार्यांनी' जेवण केले. आचारी रांधत असेल तर 'आचाऱ्यांनी' जेवण केले. एका रफाराने माणूस बदलतो. हा आडवा अर्धा 'र' मराठीला हवा असतो, हिंदीला लागत नाही, म्हणून हिंदीच्या सोयीने केलेल्या कळफलकावर तो सापडत नाही. तो करायचा असा : नुक्ता असलेला 'ऱ', मग हलन्त, मग 'य'. संगणकाच्या इनस्क्रिप्ट कळफलकावर शिफ्टसह जे, नंतर डी, नंतर य. दर्या म्हणजे समुद्र आणि दऱ्या म्हणजे डोंगरातल्या, हा भेद ज्याला कळतो त्याने ही तीन बटणे पाठ करायला हरकत नाही.

'ॲ'ची गोष्ट आणखी बारीक आहे. हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आले. त्याआधी लोक 'अ' लिहून त्यावर चंद्र ठेवत, अजूनही ठेवतात. डोळ्याला दोन्ही सारखेच. संगणकाला ही दोन वेगळी लेखने आहेत. ग्रंथालयाच्या यादीत 'ॲरिस्टॉटल' एका पद्धतीने भरला आणि वाचकाने दुसऱ्या पद्धतीने शोधला, तर पुस्तक कपाटात असून यादी 'नाही' म्हणेल. आडव्या 'र'चेही दोन मार्ग आहेत आणि तिथेही हेच होते. ज्याला हे माहीत नाही तो म्हणतो, आपल्याकडे पुस्तक नाही. पुस्तक न हरवता हरवले.

मघाचे रेपर्टरीचे वाक्य आठवा. ज्याची नोंद जास्त ते वर येते. आज प्रश्नाला उत्तर देणारी जी यंत्रे निघाली आहेत ती साठलेल्या मजकुरावर वाढलेली आहेत. इंग्रजीचा मजकूर डोंगराएवढा. मराठीचा जो आहे त्यातला मोठा भाग जुन्या फाँटांत अडकलेला किंवा पानांच्या छायाचित्रांत बंद. यंत्राच्या दृष्टीने तो नाहीच. मराठवाड्याची बोली, हैदराबादी मराठीतले आपले 'नक्को' आणि 'हौ', इथल्या लेखकांनी पन्नास वर्षे लिहिलेले लेख, हे ज्या फाइलींत आहेत त्या उघडत नसतील, तर यंत्राला मराठी म्हणजे फक्त बातम्या आणि जाहिराती वाटणार.

रूपांतर करणारी सॉफ्टवेअरे मिळतात. पण त्यांच्यावर सोडून चालत नाही, कारण जुन्या फाँटात पहिली वेलांटी अक्षराच्या आधी साठवलेली असते आणि युनिकोडमध्ये नंतर. रफार उलटा, नंतर साठवलेला असतो आणि आता आधी हवा. यंत्र यात घसरते, विशेषतः जोडाक्षर आले की. म्हणून रूपांतर झालेल्या पानात आधी तपासायच्या जागा या : जोडाक्षरावरची पहिली वेलांटी, रफार, ऱ्य आणि ऱ्ह, ॲ, आणि 'ळ'च्या जागी 'ल' तर आला नाही ना. मूळ छापील अंक शेजारी उघडा ठेवावा. दोघांनी बसावे, एकाने मोठ्याने वाचावे, दुसऱ्याने पडद्यावर पाहावे. जुन्या छापखान्यात मुद्रिते तपासायचे तसे. मूळ फाइल मात्र पुसू नये, तिची एक प्रत दुसऱ्या जागी ठेवूनच कामाला हात घालावा.